फ्रीलान्स डिझायनरकडून वेबसाइट कशी करून घ्यावी आणि खर्चाचा हिशेब कसा समजून घ्यावा

‘वेबसाइट करायला किती घ्याल?’ या प्रश्नाने बोलणी सुरू केली, की एक जण पंधरा हजार सांगतो आणि दुसरा दीड लाख. या आकड्यांची तुलना करता येत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या मनातल्या वेगळ्याच वेबसाइटचा भाव सांगितलेला असतो. म्हणून डिझायनर शोधण्याआधी आपली गरज एका कागदावर लिहून काढावी. माझ्या आतेभावाचे दिवेआगरला निवास-न्याहारीचे घर आहे. त्याच्या कागदावर एवढेच होते: घराची ओळख, खोल्या व दर, जेवण, कसे यावे आणि संपर्क अशी पाच पाने, मजकूर मराठी व इंग्रजीत, चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सोय नको. या शेवटच्या अटीनेच खर्च बराच खाली आला, कारण पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) जोडणे, खोल्यांची उपलब्धता दाखवणे आणि रद्द झालेल्या आरक्षणाचे पैसे परत करणे हे सगळे काम त्यामुळे वाचले.

हाच कागद किमान तीन डिझायनरांना द्यावा. त्यांनी केलेल्या वेबसाइट संगणकावर न पाहता स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटा वापरून उघडाव्यात, कारण आपले गिऱ्हाईकही तसेच पाहणार असते. त्यांच्या जुन्या ग्राहकांपैकी एखाद्याला फोन करून, काम संपल्यावरही हा माणूस फोन उचलतो का, हे अवश्य विचारावे.

अंदाजपत्रक मागताना एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळा मांडायला सांगावे. पाच पानांच्या साध्या कामाला चाळीस-पन्नास तास सहज लागतात. ताशी ५०० रुपये धरले, तरी २० ते २५ हजार होतात. वर्डप्रेससारखी वेबसाइट उभारण्याची प्रणाली मोफत मिळते, तेव्हा आपण मोजतो ते मुख्यतः डिझायनरच्या वेळेचे पैसे. पाच हजारांत होणारे काम बहुधा तयार साच्यात नाव आणि फोटो बदलून दिलेले असते. गरज तेवढीच असेल, तर त्यातही काही वावगे नाही. दरवर्षी डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवण्यासाठी सर्व्हरवर घेतलेली जागा) यांचे पैसे भरावे लागतात. तिथे पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून न भुलता नूतनीकरणाचा दर विचारावा. वेबसाइटशी होणारी माहितीची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते, त्यामुळे त्यासाठी वेगळी रक्कम लावली असेल, तर ती कशाची हे विचारण्यात संकोच नको. जीएसटी १८ टक्के लागतो, पण तो आकारण्याचा अधिकार नोंदणी असलेल्यालाच असतो. बिलावर जीएसटी क्रमांक पाहावा.

मराठी मजकुराकडे मी विशेष लक्ष देण्यास सांगेन. आतेभावाने माहितीपत्रकासाठी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर श्रीलिपीत, म्हणजे ठरावीक फॉन्ट असेल तरच वाचता येणाऱ्या जुन्या पद्धतीत होता. तो वेबसाइटवर चिकटवताच सगळ्या ओळींची निरर्थक चिन्हे झाली. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित पद्धतीत द्यावा, नाहीतर तो पुन्हा टाइप करण्याचे तास आपल्या बिलात येतात. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत वापरता येतात. ‘किनाऱ्यावर’ आणि ‘न्याहारी’ असे शब्द फोनवर नीट उमटतात का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

यानंतर मालकीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते दरापेक्षाही तो महत्त्वाचा आहे. आतेभावाच्या पहिल्या वेबसाइटचे डोमेन डिझायनरने स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. तो दुसऱ्या नोकरीत गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ईमेलवर येत राहिली आणि ऐन मे महिन्यात वेबसाइट बंद पडली. छापलेल्या सगळ्या कार्डांवर तोच पत्ता होता. म्हणून डोमेन आणि होस्टिंगचे खाते आपल्या ईमेलवर, आपल्या नावाने आणि आपल्याच कार्डाने काढावे. शिवाय, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने घडवलेल्या रचनेचा हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच असतो आणि तो लेखी, सहीनिशी हस्तांतरित करावा लागतो. मुदत लिहिली नाही, तर हस्तांतर पाचच वर्षांचे मानले जाते. करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द असावा. किती वेळा बदल करून मिळतील, तारीख चुकल्यास काय आणि वार्षिक देखभालीत बॅकअप व अद्ययावतीकरण येते का, हेही त्यातच लिहावे.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: काम सुरू करताना तीस टक्के, आराखडा पसंत पडल्यावर चाळीस आणि उरलेले हस्तांतराच्या दिवशी. त्या दिवशी डिझायनरच्या समोर बसून स्वतः लॉगिन करावे, पासवर्ड बदलावा, एखाद्या खोलीचा दर स्वतःच्या हाताने बदलून तो फोनवर दिसतो का ते पाहावे, आणि मगच शेवटचा हप्ता पाठवावा.