लाल मातीचा मंगळ: मुलांसोबत एका मिनिटाचा अवकाशपट

हा पट स्टॉप-मोशनचा: दर फोटोला पुतळा थोडा हलवायचा, मग फोटो सलग दाखवले की तो स्वतः हलताना दिसतो. गोव्यात मंगळ बनवायला रंग विकत आणू नका. मंगळाला लाली येते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) मातीलाही त्यामुळेच. माती दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पिठाच्या चाळणीने चाळा आणि टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलवर 3 मिलिमीटरचा थर द्या. पावसाळ्यात ती दमट होऊन गोळे धरते, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा. मागचा पुठ्ठा पिवळट तपकिरी रंगवा. मंगळावर दिवसा आकाश काळं नसतं, तेव्हा चांदण्या चिकटवू नका.

अंतराळवीर 8 सेंटिमीटरचा करा: आत पीळ दिलेली दुहेरी तार, वर प्लॅस्टिसिन (न वाळणारी खेळण्याची माती). एप्रिल-मेच्या उकाड्यात तो दिव्याखाली वाकतो. फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवलात तर बाहेर काढताच त्यावर दव धरतं. ते टिपून मगच फोटो घ्या. यानासाठी नारळाची करटी पॉलिश पेपरने घासून चंदेरी रंगवा.

फोन स्टँडवर घट्ट बसवून एअरप्लेन मोडवर टाका. फोकस, एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. खिडकीही बंद हवी, कारण एक ढग आला की प्रकाश बदलतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा; फार वेगवान ठेवलात तर पट्टे उमटतात. फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढऱ्या शर्टाचा उजेड सेटवर पडतो.

सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाला 720 लागतात.

खरी कसोटी उडीची, तिथे घाई करू नका. पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाची उडी 6 फोटोंत संपते. मंगळाचं गुरुत्व आपल्या 38 टक्के, म्हणून तीच उडी तिथे 16 फोटो घेते. पुतळा दोन तंगुसांनी (नायलॉनच्या बारीक दोऱ्यांनी) टांगा. एकाच तंगुसाने तो गिरक्या घेतो. पहिल्या फोटोला 12 मिलिमीटर वर घ्या, मग दर फोटोला तिथून आणखी 10, 9, 7, 5, 4, 2, 1. उतरताना हेच आकडे उलट. मुलं प्रत्येक वेळी सारखंच अंतर उचलतात आणि पुतळा लिफ्टमध्ये असल्यासारखा दिसतो. म्हणून मागे, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पट्टी उभी करून त्यावर या खुणा आधीच करून द्या.

मोकळ्या अवकाशात मात्र उलट. इंजिन बंद असलेलं यान दर फोटोला नेमकं 4 मिलिमीटर सरकवा, शेवटपर्यंत. अडवायला हवाच नसल्याने ते आपसूक मंदावत नाही.

आवाज शेवटी, पंखा बंद करून, जाड चादरीखाली रेकॉर्ड करा. मोकळ्या अवकाशात आवाज वाहून न्यायला हवा नसते, म्हणून तिथल्या यानाबाहेरच्या दृश्यात स्फोटाचा धडाम आवाज घालू नका. फक्त हेल्मेटमधला श्वास आणि रेडिओवरचं बोलणं ऐकू येऊ द्या.