अनोळखी भुंगेरा दिसला? फवारणीआधी बाटलीत धरा

मिरगाचा पाऊस लागला की रात्री पडवीतल्या दिव्याभोवती भुंगेरे घिरट्या घालू लागतात. उसातल्या हुमणीचे मोठे तपकिरी भुंगेरे आपल्याकडे पोरंसोरंही ओळखतात. कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे आपण वर्षानुवर्षं करतोय. आज बोलायचंय ते तिळाएवढ्या, फार तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या भुंगेऱ्यांबद्दल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चवळीवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या दिसल्या. दुकानात जाऊन सांगितलं, हातात आलं ते औषध मारलं. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या, मावा खाऊन माझंच पीक राखत होत्या. आठवडाभरात मावा आधीपेक्षा जास्त झाला. अजून मनाला लागतं ते.

म्हणून आधी नीट बघा. वांग्यावरचा एपिलाक्ना भुंगेराही ठिपक्यांचाच असतो. पण अंगावर बारीक लव असल्यानं तो मळकट दिसतो आणि पानाची चाळणी करतो. ढालकिडा तुळतुळीत, चकचकीत. गाजरगवतावरचा, फिकट पंखांवर गडद नागमोडी रेघा असलेला भुंगेरा ते गवत खाऊन आटोक्यात ठेवावं म्हणून १९८३ मध्ये मुद्दाम मेक्सिकोहून बेंगळुरूला आणलेला आहे. त्याला मारू नका. आपल्या बेळगावजवळच्या उचगाव-बेकिनकेरे पट्ट्यात रताळ्यावर मुंगीसारखा, निळसर पंखांचा, तांबड्या मानेचा सोंड्या दिसतो, तो मात्र शत्रूच. वेळेवर भर लावा, मातीला भेगा पडू देऊ नका, त्याच रानात लागोपाठ रताळी घेऊ नका.

यातला एकही नसेल, तर आधी झाडावरच मोबाईलनं फोटो काढा. मग झाकणाच्या छोट्या बाटलीत मेडिकलमधलं स्पिरिट घेऊन दहा-बारा भुंगेरे त्यात टाका. एक-दोन पुरत नाहीत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कितीतरी जाती नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच वेगळ्या ओळखता येतात, त्यामुळे त्यात नर असायलाच हवा. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि ती पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गाव, शिवाराचं नाव, तारीख, पीक, आणि किडा पानावर, मुळात की दिव्यावर सापडला तेही लिहा. गावाचं नाव कन्नडमध्येही लिहिलंत तर पुढं वाचणाऱ्याची सोय होते.

ही चिठ्ठी किरकोळ वाटेल, पण नवी जात जगापुढं येते ती अशाच नोंदीवरून. तज्ज्ञ मिशांचे सांधे मोजतात, टणक पंखांवरच्या खळग्यांच्या रांगा तपासतात, संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघतात. कशाशीच जुळलं नाही, तर दोन शब्दांचं नाव देऊन सविस्तर वर्णन छापतात आणि एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून कायमचा जपून ठेवतात. कुठं सापडला हेच ठाऊक नसलेल्या किड्याचा तिथं फारसा उपयोग नसतो.

तुमचा भुंगेरा बहुधा आधीच नाव मिळालेला निघेल. तरीही द्या. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्ग्याकडं दिसली आणि बघता बघता देशभर पसरली. नवी कीड लवकर कळणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा साऱ्यांनी अनुभवलं.

बाटली जवळच्या रयत संपर्क केंद्रात (शेती खात्याच्या कचेरीत) किंवा मत्तीकोप्प, तुक्कानट्टी इथल्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. संकेश्वरचं संशोधन केंद्र ऊसवाल्यांना जवळ पडेल. तिथून नमुना धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडं, गरज पडली तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेकडं पाठवायची विनंती करा.

उत्तराला वेळ लागेल. तोवर शेतातल्या दहा झाडांना दोरा बांधा आणि एक दिवसाआड त्यांची खाल्लेली पानं मोजून वहीत लिहा. आकडा वाढत नसेल तर पंप घरातच राहू द्या. वाढत असेल तर ती वही घेऊन केंद्रात जा आणि तिथं विचारूनच औषध ठरवा.