पेढी कोणत्या रूपात चालवायची: मालकी, भागीदारी, एलएलपी की कंपनी?

जळगाव-धुळ्याकडे धंद्याचं रूप बहुतेक वेळा घाईत ठरतं. दोन भाऊ एकत्र आले की भागीदारी, बँकेत वजन पडावं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड, आणि एकट्याचं दुकान असेल तर मालकीचं. पण तोच माल, तेच गिऱ्हाईक आणि तोच नफा असताना रूप बदललं की तीन गोष्टी बदलतात: कर किती लागतो, नफा घरात कसा आणता येतो, आणि धंदा बुडाला तर राहतं घर आणि शेत सुटतं का. पुढचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांचे आहेत.

आधी कर

मालकीच्या धंद्यात धंद्याचं आणि मालकाचं उत्पन्न एकच. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ही सवलत फक्त व्यक्तीला आहे, एकत्र कुटुंबाच्या (एचयूएफ) पॅनला नाही. "एचयूएफच्या नावावर टाकू, तिकडेही बारा लाख सुटतील" असं धरून चालू नका. तिकडे फक्त पहिले ४ लाख सुटतात.

भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना स्लॅबच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. कंपनीने सवलतीचा पर्याय घेतला तर अधिभार-सेससह २५.१६८ टक्के. एवढंच पाहून कंपनी स्वस्त वाटते, पण खरा फरक भागीदारीपत्रातल्या दोन कलमांत आहे.

भागीदारीपत्रातली दोन कलमं

अमळनेरला दोन भावांची डाळमिल आहे असं धरा. दोघांचं मिळून भांडवल ३० लाख, वर्षाचा नफा २० लाख.

भागीदारीपत्रात भांडवलावरचं व्याज आणि भागीदारांचा पगार यांचा उल्लेखच नसेल, तर पूर्ण २० लाखांवर कर बसतो: ६,२४,००० रुपये.

दोन्ही कलमं नीट लिहिलेली असतील तर हिशोब असा. भांडवलावर जास्तीत जास्त १२ टक्के व्याज चालतं, ते ३.६० लाख. उरले १६.४० लाख. त्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के (किंवा ३ लाख, जे जास्त असेल ते) आणि उरलेल्या रकमेवर ६० टक्के इतका पगार चालतो. म्हणजे ५.४० अधिक ६.२४, एकूण ११.६४ लाख. फर्मकडे करपात्र राहिले ४.७६ लाख, त्यावर कर १,४८,५१२ रुपये. प्रत्येक भावाच्या वाट्याला व्याज-पगार मिळून ७.६२ लाख येतात. दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर कर नाही. फर्मच्या नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्तच असतो.

दोन कलमांमुळे वर्षाला पावणेपाच लाखांचा फरक पडला. हाच २० लाख नफा एकट्या मालकाचा असता तर त्याला २,०८,००० रुपये कर आला असता.

चूक होते ती शब्दांत. "भागीदारांचा पगार परस्पर संमतीने ठरवण्यात येईल" एवढंच लिहिलं असेल तर तो खर्च नाकारला जातो. पगाराची रक्कम, किंवा ती काढायची रीत आणि दोघांतलं प्रमाण, पत्रातच हवं. असं लिहा: "काम करणाऱ्या भागीदारांना प्राप्तिकर कायद्यानुसार अनुज्ञेय कमाल मर्यादेइतका मोबदला समान प्रमाणात दिला जाईल, आणि भांडवलावर वार्षिक १२ टक्के सरळ व्याज दिलं जाईल." पगार फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराला चालतो. आईचं नाव नुसतं भांडवलापुरतं असेल तर तिला व्याज मिळेल, पगार नाही. आणि मार्चमध्ये पत्र दुरुस्त करून मागच्या एप्रिलपासूनचा पगार दाखवता येत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून आणखी एक काम वाढलं आहे. भागीदाराला पगार, व्याज वगैरे मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा. रोख दिली नाही, नुसती खात्यात जमा केली तरी कापायचा. त्यासाठी टॅन नंबर (कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक) आधीच काढून ठेवा. कापला नाही तर त्या खर्चातला ३० टक्के भाग नाकारला जाऊ शकतो.

ठोक नफ्याची पद्धत

छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवून मोकळं होता येतं. मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. एलएलपी आणि कंपनीला ही सोय नाही. आडत्यालाही नाही, कारण कमिशन आणि दलालीचं उत्पन्न यातून वगळलेलं आहे. बाजार समितीत आडत करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

भागीदारीला ही पद्धत चालते, पण बहुधा तोट्याची पडते. दीड कोटी उलाढाल, सगळी बँकेतून, म्हणजे नफा ९ लाख. एकट्या मालकाला दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. फर्मला मात्र २,८०,८०० रुपये, कारण ठोक पद्धतीत भागीदारांचा पगार वजा होत नाही. वह्या नीट ठेवून तोच ९ लाख नफा दाखवला, तर ७.२० लाख पगार वजा होतो आणि कर ५६,१६० वर येतो. हे पद्धत निवडायच्या आधीच ठरवा. एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षं ती परत मिळत नाही.

कंपनीचा गल्ला तुमचा नाही

मालक दुकानातून घरखर्चाची उचल करतो. भागीदार आपल्या भांडवल खात्यातून करतो. कंपनीत तसं चालत नाही. पैसा बाहेर येतो तो पगार, भाडं, तुम्ही दिलेल्या कर्जाची परतफेड किंवा लाभांश या वाटांनीच. पगारावर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, ती भागीदाराच्या पगाराला नाही. लाभांशावर मात्र कंपनीने कर भरल्यावर तुमच्या हातात पुन्हा कर लागतो. दहा टक्के किंवा जास्त मतहक्क असलेल्या भागधारकाने लग्नासाठी कंपनीतून उसने घेतले, तर साठलेल्या नफ्याइतकी ती रक्कम लाभांश समजून करपात्र ठरू शकते.

उलाढाल कितीही असो, कंपनीला ऑडिट लागतंच. वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. बंद पडलेली कंपनी तशीच सोडून दिली तरी हे मीटर चालू राहतं. एलएलपीला ऑडिट ४० लाख उलाढाल किंवा २५ लाख भांडवलाच्या वर गेल्यावरच.

म्हणून नफा धंद्यातच ठेवून यंत्रं घ्यायची असतील, बाहेरचं भांडवल आणायचं असेल, तर कंपनी. सगळा नफा घरी न्यायचा असेल तर नाही.

देणं आणि वसुली

मालकी आणि भागीदारीत घर, शेत, सोनं सगळं देण्याला बांधील. भागीदारीत एका भावाने केलेलं धंद्याचं देणं दुसऱ्याकडून पूर्ण वसूल होऊ शकतं. एलएलपी आणि कंपनीत जबाबदारी मर्यादित असते, पण बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि सही केली की त्या कर्जापुरतं ते संरक्षण संपलं. व्यापाऱ्यांच्या उधारीपासून मात्र ते टिकतं.

रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. माल दिल्लीला जातो, पैसे मागून येतात. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या पैशांसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. नुसतं नोटरी केलेलं पत्र म्हणजे नोंदणी नव्हे. निबंधकांकडे फर्म नोंदवा, आणि भागीदार बदलला की तो बदलही नोंदवा.

स्वतःच्या बागेतली केळी विकली तर ते शेती उत्पन्न. दुसऱ्याची घेऊन विकली तर धंदा. दोन्ही एकाच वहीत लिहू नका, पट्ट्या वेगळ्या ठेवा.

दोनच भागीदार असतील आणि एक गेला तर फर्म तिथेच संपते, पत्रात काहीही लिहिलेलं असो. मुलाला किंवा पत्नीला तिसरा भागीदार करून घ्या, आणि वारसाला किती मुदतीत किती रक्कम द्यायची ते लिहून ठेवा.

रूप बदलताना

बदल १ एप्रिलला करा, म्हणजे एका वर्षात दोन हिशोब होत नाहीत. पॅन बदलला की जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, बाजार समितीचा परवाना सगळं नवं. जुन्या जीएसटी क्रमांकावरचं (खरेदीवर भरलेल्या कराचं) शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्यावर न्या, आणि ते होईपर्यंत जुना क्रमांक रद्द करू नका. एमआयडीसीतला प्लॉट असेल तर आधी महामंडळाची परवानगी, कारण हस्तांतरण शुल्काचा आकडा कळल्यावर बेत बदलू शकतो. शेतजमीन कंपनीच्या नावावर करायला जाऊ नका, ती स्वतःच्या नावावरच राहू द्या. जुनं चालू खातं येणी जमा होईपर्यंत उघडं ठेवा, कारण जुन्या नावाचा चेक नव्या खात्यात जमा होणार नाही.