ओल्या सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली कोंडू नका

हंगाम : सप्टेंबरअखेर ते दिवाळी

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही आणि मजूर मिळत नाहीत. त्यामुळे यंदाही गावोगाव तेच होणार. दुपारी कापलेलं सोयाबीन ढग भरून येताच गोळा करायचं, डोक्याच्या वर जाईल एवढी गंजी घालायची, वरून ताडपत्री ओढायची आणि कडा चहूबाजूंनी दगडमातीनं दाबून मोकळं व्हायचं. पावसाचा थेंब आत जात नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर येत नाही. आठवड्याभरानं मळणी यंत्र येतं तेव्हा मधल्या पेंढ्या हाताला गरम लागतात, कुबट भपकारा येतो, दाणे तपकिरी झालेले असतात. शेतकरी म्हणतो पावसानं नेलं. पावसातून वाचलेलं सोयाबीन गंजीत गेलेलं असतं.

गंजी उन्हानं तापते हा समज आधी काढून टाका. ढगाळ हवेत, थंड रात्रीही ती तापतच राहते, कारण उष्णता आतूनच तयार होते. कापलेला दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओलावा बारा टक्क्यांच्या आत असेल तर हा श्वास अगदी मंद चालतो. अठरा-वीसच्या पुढे गेला की जोरात. त्यात बुरशी सामील होते, आणि तिचा श्वास दाण्यापेक्षा कितीतरी जास्त. श्वासात साखर जळते. एक किलो साखर पूर्ण जळली तर सुमारे ३,७०० किलोकॅलरी उष्णता निघते, म्हणजे बर्फासारखं गार ३७ लिटर पाणी उकळीला येईल इतकी. शिवाय सहाशे ग्रॅम पाणी नव्यानं तयार होतं. म्हणजे कोंडलेली गंजी वाळत तर नाहीच, स्वतःला आणखी ओली करते. त्या ओलीवर बुरशी वाढते, बुरशीनं ऊब वाढते. पन्नास अंशांच्या पुढे साधी बुरशी थकते, तर उष्णता सोसणारे जिवाणू पुढचं काम हाती घेतात.

बियाण्याचं नुकसान याच्या फार आधी झालेलं असतं. सोयाबीनचं टरफल पातळ, कोंब टरफलाला लागूनच. ओला दाणा चाळीस अंशांपुढची ऊब फार दिवस सोसत नाही. रंग पिवळाच दिसतो, वजन भरतं, आडतीवर विकलंही जातं. उगवण मात्र गेलेली असते, आणि ते कळतं थेट जूनमध्ये. मग महागडी पिशवी घ्यायला दुकानाच्या दारात रांग.

याच दिवसांत दुकानदार गंजीवर मारायची पावडर आणि बुरशीनाशकाची फवारणी सुचवतात. एक रुपयाही घालू नका. औषध वरच्या पेंढ्यांवर राहतं, तापते मधली. उभं पीक लवकर वाळावं म्हणून तणनाशक मारायचा सल्ला कोणी दिला तर बियाण्याच्या प्लॉटवर अजिबात ऐकू नका. अन् गंजीत सल्फासच्या गोळ्या खुपसणं बंद करा. त्या गोळ्या किड्यासाठी आहेत, उष्णतेसाठी नाहीत. ओलीत त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, पेटतोही.

करायचं ते असं. कापलेलं सोयाबीन दोन-तीन दिवस उन्हात पसरूनच ठेवा. पाऊस आलाच तर छोटे ढीग करा, छातीच्या वर नको. खाली गेल्या वर्षीच्या कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्यांचा थर द्या, मध्ये तीन बांबू तिकाटण्यासारखे उभे करून वाफेला धुराडं ठेवा. ताडपत्री फक्त माथ्यावर, कडा जमिनीपासून हातभर वर. ऊन पडलं की लगेच उघडा, जेवायला जायच्या आधी उघडा. चार ढिगांची थोडी कड भिजली तर चालेल, एक गंजी कोंडून चालणार नाही.

रोज संध्याकाळी लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून पंधरा मिनिटं ठेवा आणि मधल्या भागाला हात लावा. कोमट लागली तर दुसऱ्या दिवशी गंजी मोडून पसरा. हातात धरवत नसेल तर मळणीची वाट बघू नका. धूर किंवा जळका वास येत असेल तर मात्र एकदम उपसू नका. आत हवा शिरताच भडका उडतो. पाण्याचा पाइप आणि चार माणसं जवळ ठेवा, कडेकडेनं काढा, वर चढू नका. माझा अंदाज असा की पहाटे इतर ढिगांवर दव असताना एकाच गंजीचा माथा कोरडा दिसला, तर तीच आतून तापलेली असते. पुस्तकात हे सापडणार नाही, पण सळई आधी तिच्यात घाला.

बाकी नेहमीची कामं :

- काढणी : ९० ते ९५ टक्के शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्यावर.
- बियाण्याची मळणी : ओलावा १३-१४ टक्के, ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४००.
- ओलावा : कोरडं मीठ आणि दाणे बाटलीत हलवा, मीठ काचेला चिकटलं तर पंधराच्या वर. दाताखाली कट्ट मोडला तर बरा.
- साठवण : १२ टक्क्यांच्या आत, तागाची पोती, खाली लाकडी फळ्या, थप्पी पाच पोत्यांपेक्षा उंच नको.
- ताडपत्री, सळई, बांबू : काढणीआधी बांधावर.

घरचं बियाणं ठेवणार असाल तर गंजीत गेलेला माल त्यात मिसळू नका, उन्हात पसरून वाळलेला वेगळा ठेवा. मार्चमध्ये आणि पुन्हा पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. सत्तर उगवून आले तर पेरणीला एकरी ३० किलो. साठ आले तर ३५ किलो. त्याच्याही खाली गेलं तर ते पोतं बाजारात न्या आणि गावातच कोणाकडे पसरून वाळवलेलं सोयाबीन आहे का ते मार्चमध्येच विचारून ठेवा. बीजप्रक्रियेचं बुरशीनाशक कार्बोक्झिन-थायरम किलोला ३ ग्रॅम जरूर लावा, पण जिवंत दाण्याला; गंजीत मेलेला दाणा कुठल्याही औषधानं उगवत नाही.