बूट अडकला? आधी एफएसटॅब बघा
लिनक्स सर्व्हर रीस्टार्ट केला, ‘स्टार्ट जॉब’चे सेकंद 1 मिनिट 30 पर्यंत मोजून झाले आणि शेवटी इमर्जन्सी मोड आला, तर लगेच कर्नल किंवा ग्रबवर (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) खापर फोडू नका. बहुतेक वेळा घोळ /ईटीसी/एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या फाइलमध्ये असतो. काढून टाकलेल्या किंवा नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कचा जुना यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) तिथे तसाच राहतो आणि बूटची कामं सांभाळणारा सिस्टमडी बिचारा तिची वाट बघत बसतो.

रूटचा पासवर्ड देऊन आत शिरा. ‘ब्लकआयडी’ चालवून खरे यूयूआयडी फाइलमधल्या ओळींशी ताडून बघा. चुकीची ओळ खोडू नका, तिच्यापुढे # लावा. फाइल सेव्हच होत नसेल तर रूट पार्टिशन रीड-ओन्ली असणार. आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या. (एवढ्याशासाठी माझा एकदा अर्धा तास गेलाय.)

बॅकअपची डिस्क नसली म्हणून सर्व्हरचं काही अडत नाही, तेव्हा तिच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी बूट अडवू नको) हा पर्याय घालाच. आणि एफएसटॅबला हात लावलात की रीस्टार्टआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. न सापडणारा यूयूआयडी तिथेच दिसतो.