गुळाच्या पट्ट्या सर्व्हरवरनं थेट पीडीएफ: गोटेनबर्ग कसं बसवायचं

कोल्हापूरला मार्केट यार्डातल्या एका गूळ दुकानाचं सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडं आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे गुळाचे रवे (ढेपा) किती, वजन, दर, हमाली-तोलाई जाऊन हातात काय, हे सगळं ब्राउझरमधे दिसायचं पण एकेक पट्टी कंट्रोल-पी मारून काढायला लागायची आणि पाडव्याचे सौदे निघाले की दिवाणजी रात्री उशिरापर्यंत तेच करत बसायचे. म्हणून सर्व्हरवर गोटेनबर्ग, म्हणजे वेब पानाची पीडीएफ करून देणारं सॉफ्टवेअर, बसवलं. ओपन सोर्स आहे, आत क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा आहे, त्यामुळं क्रोममधनं प्रिंट काढल्यासारखंच पान उतरतं. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे त्याच कामाचं जुनं टूल अजून बरेच जण लावतात, पण त्याच्या कोडची रिपॉझिटरी २०२३ मधेच अर्काइव्ह, म्हणजे बंद झालीय आणि ग्रिडवालं पान त्यात पार विस्कटतं, नवीन करताय तर त्याच्या नादी लागू नका.

डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) टाका, गोटेनबर्गची आठ नंबरची इमेज, म्हणजे तयार पॅकेज घ्या, पोर्ट ३००० द्या, आपोआप परत सुरू व्हायला रीस्टार्ट पॉलिसी लावा, झालं. पण पोर्ट देताना पुढं १२७.०.०.१ लावायचंच, म्हणजे तो फक्त त्याच सर्व्हरवरनं उघडतो. यूएफडब्ल्यू (सर्व्हरची फायरवॉल) चालू आहे म्हणून निवांत राहू नका, डॉकर स्वतःचे नियम टाकतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून पोर्ट जगाला उघडा पडतो, आणि गोटेनबर्ग सांगाल ते पान उघडतं, म्हणजे बाहेरच्यानं तुमच्या आतल्या नेटवर्कमधलं पान मागितलं तर त्याचीही पीडीएफ हातात देईल.

पान दोन प्रकारे देता येतं. एक म्हणजे नुसता यूआरएल, पण लक्षात ठेवा, कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः, तुमचा सर्व्हर नव्हे, इथं भलेभले तासभर अडकतात. दुसरं म्हणजे एचटीएमएल फाइलच पाठवायची, तिचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असंच पायजे आणि सीएसएस, लोगो, फॉन्ट सगळं तिच्या शेजारीच, आत फोल्डर करायचं नाही. मी दुसरंच वापरतो, लॉगिनची भानगड राहत नाही.

आता मराठीचं. फॉन्ट कंटेनरवर सोडू नका. माझ्या पहिल्या पट्टीत अक्षरं आली, पण फॉन्ट भलताच लागलेला, ‘शेतकऱ्याचे नाव’ दोन ओळीत तुटलं आणि रकमेचा कॉलम चेपला. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, साधा आणि बोल्ड दोन्ही फाइली पानासोबत पाठवा आणि सीएसएसमधे फॉन्ट-फेस लिहा. गावांची नावं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे टाइप केलेली असतील तर ती आधी युनिकोडला आणा, तिथं फॉन्ट बदलून काय उपयोग नाही.

कागद सांगितला नाही तर अमेरिकन लेटर साइज धरतो. ए-फोरसाठी रुंदी ८.२७ आणि उंची ११.७ इंच द्या. टेबलच्या हेडिंगचा रंग गायब झाला तर प्रिंट बॅकग्राउंड ट्रू करा, मुळात ते बंद असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पान कुठं तुटतं ते बघा. आमच्या एका पट्टीत ‘निव्वळ देय’ ही एकच ओळ दुसऱ्या पानावर गेली, शेतकरी पहिलं पान घेऊन गावाकडं गेलेला, बिचारा दुसऱ्या दिवशी परत आला हिशेब विचारायला. म्हणून एकूण, निव्वळ देय आणि सही हे सगळं एकाच ब्लॉकमधे घ्या आणि त्याला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लावा, प्रत्येक ओळीलाही लावा. टेबलचं हेडिंग टी-हेड या टॅगमधे असलं की प्रत्येक पानावर आपोआप येतं.

आकडे जावास्क्रिप्टनं भरत असाल तर नुसते दोन सेकंद थांब असं सांगू नका, वेट-फॉर-एक्स्प्रेशन वापरा, आकडे भरून झाले की तुमच्या स्क्रिप्टनं खूण करायची मग पीडीएफ निघंल. सौद्याच्या दिवशी सगळ्या पट्ट्या एकदम पाठवू नका, रांग लावा, नाहीतर मागच्या रिक्वेस्ट ३० सेकंदात टाइमआउट होतात.

दुकानातल्या प्रिंटरवर काढताना ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडायला सांगा, वयस्कर माणसांना बारीक झालेला आकडा दिसत नाही.