बाळाच्या किडनीसाठी जेनेटिक टेस्ट सांगितलीये? आधी एवढी तयारी करून घ्या

आधी अ‍ॅनॉमली स्कॅनचा (पोटातल्या बाळाचे अवयव नीट आहेत का बघणारी सोनोग्राफी) पूर्ण रिपोर्ट हातात घ्या. "किडनीत प्रॉब्लेम दिसतोय" एवढ्यावर घरी येऊ नका, एक किडनी की दोन्ही, नुसती सूज आहे की सिस्ट (पाण्याने भरलेल्या छोट्या पिशव्या) आहेत की किडनी नेहमीपेक्षा पांढरी दिसतेय, गर्भजल किती आहे, हृदय मेंदू हातपाय नीट आहेत का, सगळं विचारून लिहून घ्या कारण कुठली टेस्ट करायची ते यावरच ठरतं. एकाच किडनीला थोडी सूज आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर बरेचदा पुन्हा सोनोग्राफी करत लक्ष ठेवतात, सुईने गर्भजल काढून तपासायची वेळच येत नाही.

मग दोन्ही घरी विचारा, कोणाला डायलिसिस, किडनीत सिस्ट, जन्मापासून एकच किडनी, तरुणपणी डायबिटीस, लहानपणापासून ऐकू कमी येणं असं काही आहे का. तुमचं लग्न नात्यात झालेलं असेल तर तेही सांगा, लाजू नका, त्याने खरंच फरक पडतो. आणि आईबाबा दोघांनी स्वतःच्या किडनीची सोनोग्राफी करून घ्या प्लीज, बरेच जण हे करतच नाहीत, पण काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या किडनीतही सिस्ट निघू शकतात आणि मग बाळाचं कोडं तिथेच सुटू शकतं.

गर्भजल तपासणी (आईच्या पोटातून सुईने थोडं गर्भजल काढून तपासणं) १५ आठवड्यांनंतर करतात. त्या पाण्यावर नेमकं काय तपासणार ते आधीच विचारा. नुसतं कॅरिओटाइप (क्रोमोसोमची संख्या आणि मोठे बदल बघणारी टेस्ट) म्हणाले तर मायक्रोअ‍ॅरेचं (क्रोमोसोमचे छोटे गायब किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी टेस्ट) विचारा, कारण १७ नंबरच्या क्रोमोसोमचा एचएनएफ१बी जीनवाला छोटा तुकडा गायब असणं हे पांढऱ्या दिसणाऱ्या किडनीचं एक नेहमीचं कारण आहे आणि ते साध्या कॅरिओटाइपमध्ये दिसत नाही. सिस्टच्या आजारांत मात्र बरेचदा एकाच जीनमधला बारीक बदल असतो, तो मायक्रोअ‍ॅरेत पण सापडत नाही, त्याला जीन पॅनल (ठरावीक जीन्स वाचणारी टेस्ट) किंवा एक्झोम (जवळजवळ सगळ्या जीन्सचा मुख्य भाग वाचणारी टेस्ट) लागतं, त्यासाठी बहुतेक दोघांचंही रक्त घेतात म्हणून दोघांनी जा. आईच्या रक्तातून बाळाचे क्रोमोसोम बघणारी एनआयपीटी टेस्ट नॉर्मल आली म्हणून किडनीचं सगळं क्लिअर झालं असं समजू नका, ती मुख्यतः डाउन सिंड्रोमसारख्या गोष्टींसाठी असते.

जाताना ब्लड ग्रुपचा रिपोर्ट न्या (आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागतं), हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट न्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. गर्भपाताचा धोका कमी असतो, पण असतो, तुमच्या केसमध्ये किती ते विचारा. पाणी फारच कमी असेल तर सुईने काढणं अवघड जातं, मग दुसरा पर्याय काय तेही विचारून ठेवा.

आणि एक बोलणं दोघांनी सुई टोचायच्या आधीच करा. "बदल सापडला पण अर्थ लागत नाही" असा रिपोर्ट येऊ शकतो, तसं आलं तर काय करायचं? रिपोर्ट किती दिवसांनी आणि कोण समजावून सांगणार ते ठरवून घ्या, जेनेटिक काउन्सेलर आणि मुलांचे किडनीचे डॉक्टर दोघांशी बोलणं झालं तर फारच चांगलं. जेनेटिक रिपोर्ट नॉर्मल आला तरी जन्मानंतरची किडनीची सोनोग्राफी चुकवू नका. उरलेला डीएनए लॅब जपून ठेवते का तेही विचारा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.